अष्टमीचं पाणी

बोरिवलीच्या खाडीपलीकडे आमचं खाजण आहे, म्हणजे खारी जमीन. तिथे एकच भात तगतं. तांबडं, जाड, शिजायला हट्टी, पण थोडं मीठ सोसणारं. बाकीच्यांनी जमिनी विकल्या, नाहीतर कोळंबीचे तलाव केले. हे बियाणं फक्त माझ्या काकाकडे उरलं होतं. आदल्या वर्षी अर्धं पीक समुद्राने खाल्लं, म्हणून होतं नव्हतं ते सगळं बी त्याने यंदा पेरलं. हे गेलं की संपलं, एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी चारकोपला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मशीनचे कंट्रोलर जोडते. काकाचे गुडघे गेलेले. बांधातली झडप लावायला-उघडायला दर भरतीला चिखल तुडवणं त्याला जमेना, म्हणून मी त्याला रोबो करून दिला. चार चाकांवर बांधावरून फिरायचा, खाडीत काडी बुडवून खारटपणा मोजायचा आणि झडप वरखाली करायचा. काका त्याला चिंबोरी, म्हणजे खेकडी, म्हणायचा. पहिल्या दिवशी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. वर मलाच दम, "हिला तिथी शिकव गो! नायतर काय कामाची नाय."

शिकवली. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला झडप बंद. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती, समुद्राचं पाणी फारसं चढत नाही, तेव्हा झडप उघडी, शेतातलं पाणी बाहेर. पणजोबापासून हेच चालत आलेलं. काडीवर सारखा चिखल बसायचा आणि ती नको तेव्हा खारट, खारट म्हणून बोंब मारायची. त्यावरून आम्ही कडाकडा भांडलो. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं: काडी आणि तिथी यांचं जुळलं नाही, तर तिथीचं खरं.

भात पोटरीत आलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती, आणि अष्टमीला भर दुपारी वारा सुटला. कुठेतरी दूर वादळ होतं म्हणे. मी कामावर होते. फोनवर चिंबोरीचा निरोप आला: पाणी खारट, तिथी अष्टमी, झडप उघडी. मी काकाला फोन लावला.

"अष्टमीला कसला पानी?" तो हसला. "चिखल बसला आसंल."

मलाही तेच वाटलं.

संध्याकाळी जाऊन बघते तर शेतभर समुद्र. चिंबोरी झडपेजवळ शहाण्यासारखी उभी. असा संताप आला की लाथ घालावी! पण घालणार कुणाला? तिने आमचंच तर ऐकलं होतं. काकाने पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि थुंकला.

"वाट लागली," म्हणाला.

काही दिवसांत पोटऱ्या पांढऱ्या पडल्या, एकही दाणा भरला नाही.

नवं भात आलं की आमच्याकडे दाराला कणसं बांधतात. गेल्या दसऱ्याची अजून लटकत होती, वर्षभर ऊन-पाऊस खाल्लेली. ती काढून, मोड येतात का बघायला दाणे भिजवले, ओल्या फडक्यात बांधले. रोज सकाळी काका फडकं उघडायचा, मी फोनवर विचारायचे, तो नुसतं "नाय" म्हणायचा. शेवटी फडक्याला वास सुटला. त्याने ते खाडीत सोडलं.

पुढच्या रविवारी मी गेले, तर म्हणाला, "चिंबोरीला नवीन शिकव. अष्टमीचा भरवसा नाय."

"अरे काका, आत राखायला आहे काय आता?"

"तू शिकव ना."

शिकवलं: काडी खारट म्हणाली की तिथी न बघता झडप बंद. त्यानंतर पुन्हा तसाच वारा सुटला, तेव्हा नवमी होती. चिंबोरीने अगदी वेळेवर झडप लावली. पाण्याचा एक थेंब आत आला नाही. काका बांधावर बसून भाताच्या कुजलेल्या काड्यांकडे बघत राहिला.