पोटावरचे पाय

आमच्या व्याह्यांइतका चार बोटं कापडावर जीव टाकणारा माणूस कृष्णेपासून मलप्रभेपर्यंत दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोक सांगतो. छातीठोक हा शब्दही त्यांच्या बाबतीत जपूनच वापरावा लागतो, कारण त्यांच्या छातीवर बहुतेक वेळा एक खेकडा बसलेला असतो. उचगावात सुभेदार म्हणून त्यांना लहानथोर ओळखतात. आमच्या निपाणीच्या घरी ते पहिल्यांदा आले ते मुलगी बघायला. सोबत विहीणबाई, मुलगा आणि दोन पाहुणे. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, आणि यांच्या कोटाच्या खिशावर काळ्या दोऱ्यानं भरलेला, नांग्या वर केलेला खेकडा. मी बँकेतला माणूस, सही जुळल्याशिवाय विश्वास ठेवायची सवय नाही. माझी नजर त्या खेकड्यावरून हलेना. ते त्यांच्या लक्षात आलं. कांदेपोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, “पाव्हणं, चावत न्हाय त्यो. आमच्या सेक्शनचा हाय.”

मग पोहे गार होईपर्यंत त्यांनी खेकड्याची हकिकत सांगितली. पलटण बर्फात असताना हे गस्तीवर एका भेगेत घसरले आणि कमरेएवढे अडकले. सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या दहाएक जणांच्या तुकडीतले, जवान पालथे पडले, एकानं दुसऱ्याचे पाय धरले, दुसऱ्यानं तिसऱ्याचे, आणि सगळी साखळी तशीच पोटावर मागं मागं सरकत गेली तेव्हा हे वर आले. लांबून बघणारे साहेब परमुलखातले, समुद्रकाठचे. त्यांना ते दृश्य खेकड्यांसारखं वाटलं. त्याच आठवड्यात कुणीतरी पोत्याच्या तुकड्यावर खेकडा भरला, आणि तो सगळ्यांच्या बाहीवर गेला. मी म्हटलं, “आपल्याकडे खेकड्याचं नाव चांगलं घेत नाहीत. एक वर निघाला की बाकीचे त्याला खाली ओढतात म्हणे.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “त्ये टोपलीतलं खेकडं. आमचं डोंगरावरचं हुतं.” लग्न तिथंच ठरलं. मुलगा मुलीला पसंत होता हेही कारण असेल, पण मला ते नंतर कळलं.

या कापडी बिल्ल्यांना सरकारी मान्यता नसते. कवायतीच्या गणवेशावर ते चालत नाहीत. लढाईच्या चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यावर, बाहीच्या वेल्क्रोवर चिकटवायचे, आणि तपासणी आली की काढून खिशात घालायचे. साहेबांची जीप वळणावर दिसली की सगळ्या रांगेतून चर्र, चर्र असा आवाज जायचा, हे सांगताना आमचे व्याही तो आवाज तोंडानं हुबेहूब काढतात. एकदा एका साहेबांनी तपासणी संपवून जाता जाता विचारलं होतं, “आज खेकडे कुठं गेले?” रांगेत कुणी हललं नाही. ती आठवण सांगताना सुभेदार अजूनही ताठ उभे राहतात. त्यांना मिळालेली खरी पदकं बिस्किटाच्या डब्यात आहेत, स्वच्छ पुसलेली, मऊ कापडात गुंडाळलेली. मी एकदा विचारलं की ती भिंतीवर का लावत नाही. म्हणाले, “त्येंचा मान मोठा. पण ती वरनं येत्यात. ह्ये बाजूनं येतंय. शेजारी हुबं ऱ्हायल्याला माणूस देतोय.”

पेन्शनीत आल्यावर शेजारी उभा राहिलेला माणूस म्हणजे सगळं उचगाव आणि बेळगावपर्यंतचा रस्ता. पडवीत हातानं फिरवायचं शिवणयंत्र, शहापूरच्या हातमागवाल्यांकडून आणलेले रंगीत दोऱ्यांचे गुंडे आणि जुन्या पँटींचे तुकडे. जुन्या पँटी संपल्या की विहीणबाई नव्या लपवून ठेवतात. कुणी काही चांगलं केलेलं यांच्या नजरेस पडायचा अवकाश, आठवड्यात त्याला बिल्ला. बसमध्ये चढताना एका म्हातारीची चप्पल खाली राहिली, तर कंडक्टरनं गाडी थांबवून ती आणून दिली. त्याला चपलेचा बिल्ला मिळाला. कंडक्टर आधी चिडला, त्याला वाटलं चप्पल दाखवली. यांनी मोडक्या कानडीत समजावलं, तेव्हापासून तो बिल्ला तिकिटांच्या पिशवीच्या आतल्या बाजूला आहे. तालुक्याच्या कचेरीत एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत डबा बंद ठेवून कुणाचातरी दाखला काढून दिला, तर त्यांना बंद डब्याचा बिल्ला. त्या बाई कानडी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, यावर काही लिहिलं का नाही. सुभेदार म्हणाले, “अक्षर आलं की कुठल्या भाषेत त्ये आलं, आन् मंग भांडान आलं. चित्र सगळ्यास्नी वाचता येतंय.”

मलाही एक मिळाला आहे. मुलीची पाठवणी झाली तेव्हा मी मांडवातून नाहीसा झालो होतो आणि आचाऱ्यांच्या चुलवणामागं, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, रडून मन मोकळं करून आलो होतो. आठ दिवसांनी लेक माहेरी आली तेव्हा तिच्या हाती सासऱ्यांनी पुडी पाठवली होती. आत ठिबकणाऱ्या नळाचं चित्र. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. बायकोला मात्र इतकं हसू आलं की शेजारीण चौकशीला आली. तो बिल्ला मी कपाटात ठेवला आहे. लावत नाही, पण दुसरं कुणी हात लावलेलं मला चालत नाही.

त्यांच्या गल्लीतल्या शेवंताआक्कांचा मुलगा सागर फौजेत आहे. एका सुट्टीत तो सुभेदारांकडे बिल्ले करून घ्यायला आला तेव्हा मी नातीला बघायला तिथंच गेलो होतो. त्यानं मोबाइलवर कवटीचं चित्र दाखवलं, खाली दोन खंजीर. “आप्पा, सेक्शनसाठी असला पायजे. लई भारी दिसतोय.”

सुभेदारांनी चष्मा लावून चित्र बघितलं आणि मोबाइल परत दिला. “कवटी कुणाची रं ही?”

“कुणाची न्हाय. नुसती डिझाइन.”

“तुमच्यात घडलंय काय त्ये सांग. बिल्ला निवडायचा नसतोय. आधी काय तर घडाय लागतंय.”

सागर बराच वेळ डोकं खाजवत बसला. घडलं काहीच नव्हतं. चौकीत एक रॉकेलचा स्टोव्ह होता, तो एका बिहारी जवानानं शिव्या दिल्याशिवाय पेटायचा नाही, एवढंच. तो रजेवर गेला की फोन लावून स्टोव्हजवळ धरावा लागायचा. सुभेदारांचे डोळे चमकले. दोन दिवसांत स्टोव्हचे बिल्ले तयार झाले, रागानं गाल फुगवलेल्या स्टोव्हचे. सागर ते पिशवीत खाली लपवून घेऊन गेला. “पोरं हसत्याल आप्पा,” म्हणाला. पोरं हसलीच, आणि हसून झाल्यावर सगळ्यांनी लावले. महिन्याभरात त्याचा फोन आला की शेजारच्या सेक्शनला पण आमच्यासारखंच काहीतरी पाहिजे आहे, आणि त्यांच्याकडे काही घडत नाही म्हणून ते फार दुःखी आहेत.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सागर परत आला तो काठी घेऊन. वरच्या चौकीवर बर्फानं त्याचा डावा पाय धरला होता, आणि दवाखान्यात त्या पायाची बोटं काढावी लागली होती. नोकरी राहणार होती, पण डोंगरावरची नाही. कुठंतरी खाली, भांडारात बसून सामान देण्याघेण्याची. घरी आल्यापासून तो दाराबाहेर पडला नव्हता. मित्र आले की झोपल्याचं सोंग घ्यायचा. शेवंताआक्का एके दिवशी सकाळी येऊन पडवीच्या पायरीवर बसल्या. “आप्पा, तुमी तरी चला. कुणासंगट बोलतच न्हाय त्यो.” योगायोगानं मी तेव्हाही तिथं होतो. सुभेदारांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, “चला पाव्हणं. तुमी आसला की मला जरा कमी बोलाय लागतंय.”

सागर खाटेवर बसला होता, पायावर चादर. खुंटीला त्याचा कॉम्बॅट शर्ट टांगला होता, आणि बाहीवर नुसताच काळा वेल्क्रो होता, उघडा.

“स्टोव्ह कुठं हाय?” सुभेदारांनी विचारलं.

“वर ठिवून आलो. मी आता त्या सेक्शनचा न्हाय.”

मी अशा वेळी जे बोलतात ते बोललो. जीव वाचला हे महत्त्वाचं, देव पाठीशी आहे, वगैरे. सागर जमिनीकडे बघत राहिला. सुभेदारांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी गप्प झालो. मग खाटेवर त्याच्या शेजारी बसत त्यांनी विचारलं, “पाय धरलं कुणी?”

“आँ?”

“बर्फानं धरल्यावं. खाली आनूस्तवर पाय कुणी संबाळलं?”

सागर बोलायला लागला. आभाळ इतकं भरलेलं होतं की हेलिकॉप्टर येईना, आणि वाट बंद. “मग सगळ्यांनी पाळ्या लावल्या, आप्पा. शर्ट वर करायचं आन् माझं पाय उघड्या पोटाला लावून बसायचं. बर्फागत गार पाय. लावलं की प्रत्येकजण शिवी घालायचा. पर काढलं न्हाय कुणी. आमचं हवालदार साहेब लई जाड. त्यांच्या पोटावर पाय ठिवलं की मला झोप लागायची.” तो थांबला. “डॉक्टर म्हणालं, पोटं नसती तर घोट्यापास्नं गेला असता.”

शेवंताआक्का दारात उभ्या होत्या. हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. पदर तोंडाला लावून त्या आत वळल्या.

सुभेदारांनी खिशातून खडू आणि कापडाचा तुकडा काढला. “मंग स्टोव्ह ऱ्हाऊ दे आता. ह्ये घडलंय.” गुडघ्यावर कापड पसरून त्यांनी एक मोठा गोल काढला आणि त्यावर दोन पावलं. तिघांनी मिळून बघितलं. ते कुणालाही बटाट्यावर उभ्या राहिलेल्या बदकासारखं दिसलं असतं.

“पोट कळत न्हाय आप्पा,” सागर म्हणाला.

“बेंबी घालतो.”

“एवढी वर न्हवं. खाली घ्या. हवालदार साहेबांची पार खाली हाय.” बोलता बोलता त्यानं खडू हातात घेतला, बेंबी जिथं पाहिजे तिथं काढली, आणि ती बघून त्याला हसू आलं. आधी नाकातून, मग खाट हलेपर्यंत. मीही हसलो. सुभेदार हसले नाहीत, ते बेंबीला कुठला दोरा शोभेल याच्या विचारात होते.

हसू ओसरल्यावर सागर म्हणाला, “त्यांच्यापुरतं शिवा. मला नको. मी भांडारात बसून काय करू त्येचं?”

सुभेदार उठता उठता थांबले. “ह्यात पाय कुणाचं हैत?”

“माझं.”

“मंग? पायाबिगर नुसतं पोट लावून कोण फिरंल रं?”

बिल्ले रजा संपवून निघालेल्या एका जवानाबरोबर वर गेले. पहिला सागरनं ठेवून घेतला. पुढं मोबाइलवर फोटो आला: मागं पांढरा डोंगर, सगळ्यांच्या बाहीवर पोट आणि पाय, आणि मधोमध ते हवालदार, शर्ट वर करून, बेंबी खरोखरच खाली आहे हे दाखवत. सागर तो फोटो घेऊन काठी टेकत गल्लीतून चालत आला होता, प्रत्येक दारात थांबत. आता तो भांडारात आहे. साहेब आले की त्याच्याही बाहीवरून चर्र आवाज होतो, आणि साहेब गेले की पुन्हा होतो.

परवा मी उचगावला गेलो. सुभेदार पडवीत उन्हाकडे तोंड करून बसले होते, हातात सुई. बराच वेळ दोरा नेढ्यापाशी नेत होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला त्या सुईला हात लावू दिलेला मी पाहिला नव्हता. माझ्याकडे न बघताच त्यांनी सुई पुढं केली. “पाव्हणं, एवढा दोरा ववून द्या.” मी चष्मा वर केला, खाली केला, दोरा ओला केला. नेढं जिथं वाटायचं तिथं नसायचं. मी सुई त्यांना दिली, त्यांनी थोड्या वेळानं मला दिली. ऊन पडवीतून सरकत गेलं तसे आम्हीही सरकत गेलो. आत माझी लेक, त्यांची सून, भाकऱ्या थापत होती. ती आली असती तर एका क्षणात ओवून दिला असता. आम्ही दोघांपैकी कुणीच तिला हाक मारली नाही.