घोड्याचा मागचा पाय

भावोजी आमच्या घरी आले की बसण्याआधी सोफ्याचा हात हलवून बघत. मग म्हणत, "नापास. स्क्रू ढिलाय." कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत तीस वर्षं पाइप तपासलेला माणूस, तपासल्याशिवाय बूड टेकत नसे. हवल्ली भागात आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, राहत. मी नर्स, म्हणून मला "सिस्टर" म्हणत. माझ्या इडल्यांना त्यांनी "चव पास, आकार नापास" असा शेरा दिला आणि चौदा खाल्ल्या.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण तो चित्र काढताना पाहिला नसेल.

कुणा अमेरिकन साहेबाने जाताना त्यांना एक जुनं कॅलेंडर दिलं होतं. त्यात एकोणिसाव्या शतकातलं एक तैलचित्र होतं: कातड्याचे कपडे घातलेला दाढीवाला डोंगरी शिकारी, समोर आडवी बंदूक, खाली दमलेला घोडा. भावोजींनी त्याची तैलरंगात नक्कल करायला घेतली. कॅनव्हासवर चौकोन आखले, एकेक चौकोन भिंगातून तपासला, चुकेल तिथे लाल खडूने फुली. शिकारी सहा महिन्यांत झाला. घोड्याचा मागचा पाय तीन वर्षं होईना. तो कधी टेबलाचा वाटे, कधी वहिनींचा. हे वहिनी स्वतःच सांगत.

मग नोकरी संपली, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द व्हायची तारीख आली, तिकिटं निघाली. नाशिकच्या नव्या घरात या चित्रासाठी हॉलची एक भिंत मोकळी ठेवली होती. चित्र वाळलेलं, बांधायला तयार.

निघायच्या चार दिवस आधी मी डबा घेऊन वर गेले, तर भावोजी सुरीने तो पाय खरवडत होते.

"अहो, लंगडा राहू दे, पण घरी येऊ दे!" वहिनी ओरडल्या.

"असला पाय मी गेटबाहेर सोडणार नाही."

"भावोजी, रंग वाळायला किती दिवस?" मी विचारलं.

"जाड लावला तर तीन आठवडे, सिस्टर."

"आणि विमान?"

"शुक्रवारी," म्हणाले, आणि ब्रश रंगात बुडवला.

पाय अखेर घोड्याचा झाला. मला चित्रातलं काही कळत नाही, पण घोडं कळतं. ओलं चित्र माझ्या हॉलमध्ये आलं. वाळलं की सुट्टीत मी ते नाशिकला न्यायचं ठरलं. वहिनींनी नवऱ्याशी अबोला धरला.

शुक्रवारी टॅक्सी आली. चित्रासाठी करून घेतलेली लाकडी चौकट मात्र ते बरोबर नेत होते. ड्रायव्हरच्या हाती देईनात. मागच्या सीटवर तीच मांडीवर उभी धरून बसले. रिकाम्या चौकटीत त्यांचं रडवेलं तोंड. वहिनींनी चौकटीतून हात घातला आणि त्यांची कॉलर सरळ केली.