धर्माचं दूध

दूध-केंद्रातल्या बाईंनी डब्याचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकल्या. मग सगळं मीठ समोरच्या गटारात ओतलं. माझ्या आयच्या डोळ्यांदेखत. रांगेतल्या सगळ्या बायकांदेखत.

"दुधाच्या डब्यात मीठ? अक्कल गहाण ठेवली आहेस का?"

आय म्हणाली, "बाय, भांडं रिकामं कसं परत द्याचं? घरात दुसरं काय नव्हतं. आगरातलं आनलं."

बाईंना हसू आवरेना. आत खुर्चीवर कमिटीचे अध्यक्ष बसलेले. त्यांना म्हणाल्या, "ऐकलंत का? ह्या परतफेड करायला आल्यात." अध्यक्ष हसले नाहीत. वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "धर्माचं घ्यायचं तर मान खाली घालून घ्यावं. नाव कमी करा हिचं. गरजू पुष्कळ आहेत."

आयनं मान खालीच घातलेली होती. आणखी किती घालायची?

डोंबिवली स्टेशनजवळचं ते दूध-केंद्र. परदेशातून पावडर यायची, ती पाण्यात कालवून गरिबांच्या पोरांना दूध द्यायचे. आम्ही कोपरच्या पुढं, खाडीला लागून राहायचो. मिठागरातली माणसं. आदल्या दिवशी आय पहिल्यांदाच तिथं गेलेली, भांडं न्यायचं तिच्या लक्षात नव्हतं. केंद्रातल्या शिपायानं झाकणाचा डबा दिला, म्हणाला उद्या आणून दे. तो डबा आयनं राखेनं घासला, लख्ख केला, आणि त्यात त्या हंगामातलं पहिलं मीठ भरलं. आगरातून निवडून आणलेलं, पांढरंशुभ्र. मालकाला कळलं असतं तर मजुरी कापली असती.

आमच्यात शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर ती वाटी नुसती धुऊन परत करत नाहीत. चार मिरच्या घाला, मूठभर तांदूळ घाला, काहीच नसलं तर मिठाचे खडे घाला. रिकामी वाटी परत आली की समजायचं, हिला आपल्याशी संबंध ठेवायचा नाही. तुमच्यातही असेल की ही रीत. बाईंच्या घरीही असणारच. पण ती बरोबरीच्या माणसांत. आयनं बाईंना शेजारीण समजलं, एवढीच तिची चूक.

दूध माझ्या बहिणीसाठी होतं. यमी तिचं नाव, माझ्या पाठची. तिला खोकला होता, ताप होता, छातीचा पिंजरा दिसायचा. केंद्रात एक डॉक्टर यायचे, भला माणूस. ते आयला म्हणाले, हिला छातीचा रोग आहे, पण बरी होईल. इंजेक्शनं लागतील, ती आलीत बाहेरच्या देशांतून. आणि रोज दूध. इंजेक्शन सुईतून जाईल, पण अंगात ताकद नसेल तर ते काय करणार? आयला त्यातलं एकच कळलं. बरी होईल.

त्या एका दिवसाचं दूध यमीनं दोन्ही हातांनी वाटी धरून प्यायलं. ओठावर पांढरी मिशी आली. मी हसले तर ती पण हसली, आणि हसता हसता खोकली. मग म्हणाली, "उद्या पन आनशील ना गं?" आय म्हणाली, आनीन.

नाव गेलं म्हणजे दूध गेलं, आणि इंजेक्शनही गेलं. इंजेक्शन फक्त केंद्राच्या पोरांना. डॉक्टरांनी रदबदली केली म्हणे. अध्यक्ष म्हणाले, एकीला सोडलं तर उद्या सगळ्याच डोक्यावर बसतील. आय तरी रोज जायची. मलाही न्यायची. दाराबाहेर उभी राहायची, पदर पसरायची, एकदा तर बाईंचे पाय धरले. बाई पाय मागं घेऊन म्हणाल्या, "अगं, आत्ताच आंघोळ झाली आहे माझी." हे मी ऐकलं. या कानांनी ऐकलं.

यमी पावसाळ्यासाठी आगर बंद व्हायच्या आत गेली. तिचा हात माझ्या हातात होता, आणि तो इतका हलका होता की गेली ते मला लगेच कळलं नाही. त्याचं दुःख मी कसं सांगू? सांगता येत नाही मला. मी अजून गर्दीत तिच्याएवढी पोर दिसली की थांबते आणि स्वतःलाच शिव्या घालते.

पण त्याहून वाईट पुढंच होतं. आय म्हणायला लागली, माझ्या मिठानं गेली पोर. दुधात मीठ पडलं की नासतं, मीच नासवलं सगळं. वस्तीतल्या बायका समजावायच्या. ऐकते कुठं? शेजारणीची वाटी आली तर ती हातात घेऊन नुसती बसून राहायची, आणि मग मला म्हणायची, तूच दे जा परत. आयच्या हातून त्यांनी पोर नेली, ती नेली. देण्याची रीतही नेली. त्याची माफी नाही माझ्याकडे.

मी शाळा सोडली नाही. रडत, मार खात, सातवी झाले. वस्तीवर तेवढं शिकलेली मीच. एकदा केंद्रावरची पाटी वाचली. जगातल्या राष्ट्रांच्या मदतीनं, असं लिहिलेलं. मी गुरुजींना विचारलं, म्हणजे हा पैसा अध्यक्षांचा नाही? गुरुजी म्हणाले, "छे गं. सगळ्या देशांनी मिळून घातलेला आहे. आपल्या सरकारनंही आपला वाटा घातलाय. सरकार म्हणजे तरी कोण? तुम्ही-आम्हीच." वाटा. हा शब्द मिठागरातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. मी घरापर्यंत तणतणत आले. धर्माचं नव्हतंच ते.

मग मी वस्तीवस्तीतून फिरले. खाडीकाठच्या, ठाकुर्लीच्या, विठ्ठलवाडीच्या. एकच सांगायचे, बाहेरून पैसा येतो तो आपल्या नावावर येतो, आणि कुठं घालायचा ते दुसरेच ठरवतात. काहींनी हाकललं. काही माझ्याबरोबर आले.

ठाण्याला मोठी सभा होती. मुंबईहून अधिकारी आलेले, नवीन मदत कुठं खर्च करायची ते ठरवायला. तेच अध्यक्ष उभे राहिले. केंद्राला नवी इमारत हवी म्हणाले. कुणीतरी विचारलं, खाडीकडच्या वस्त्यांचं काय? ते म्हणाले, "ते लोक येतच नाहीत हो. त्यांना औषधाची किंमत नाही."

मी उठले.

"माझी बहीण आलेली. तुम्ही परत पाठवलीत. ती मेली."

अध्यक्षांनी मला ओळखलंही नाही. म्हणाले, "कोण ही? खाली बस."

मी बसले नाही. अधिकारी म्हणाले, तुझं म्हणणं काय? मी म्हटलं, दवाखाना वस्तीवर हवा. आणि पैसा कुठं जाणार ते ठरवायला आमची माणसं हवीत, तुमच्या शेजारी, खुर्चीवर. ते म्हणाले, विचार करू. इमारत त्याच वर्षी झाली, स्टेशनजवळ. वस्तीवर काही आलं नाही.

सभेच्या त्या दिवशी घरी आल्यावर मी आयला म्हटलं, "आये, ते दूध धर्माचं नव्हतं. त्यात आपला वाटा होता. यमीचं होतं ते."

आयनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मंग पोरीला का नाय दिलं?"

ज्यांच्याकडे याचं उत्तर आहे त्यांना मी विचारणार. प्रत्येक सभेत, यमीचं नाव घेऊन, उभं राहून. खाली बस म्हणाले तरी बसणार नाही.