पडलेल्या संहितेवर

आमच्या व्होल्गाकाठच्या नाट्यगृहात एक नियम सगळे पाळतात. नाटकाची संहिता हातातून पडली की तिथल्या तिथे तिच्यावर बसायचं. खाली चिखल असो की अंगात रेशमी झगा. बसायचं आणि मगच उचलायची, नाहीतर प्रयोग आपटतो.

म्हणून ऑक्टोबरात, विंगेत आमच्या नायिका रिम्मा पाव्लोव्नांच्या हातून संहिता पडली आणि त्या तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, तेव्हा कापामावशी स्टुलावरून उठल्या. कापामावशी आमच्या प्रॉम्प्टर. बत्तीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर. त्याच धपकन बसल्या त्या कागदांवर.

"कापा, पडलीस की काय गं?"

"हो बाई, पडले. म्हातारी झाले."

रिम्मा हसल्या. मग हसू विरलं. "बसायचं असतं, नाही का? विसरलेच मी." जरा वेळाने, हळूच, "कालपासून बरंच विसरतेय. त्या दिग्दर्शकाला सांगू नकोस. घरी बसवेल. आणि घरी माझी वाट कोण बघतंय? भिंत?"

"माझा आवाज आहे ना. तू फक्त तोंड उघड."

नाटक ल्वोविचांचं, आमच्या गावच्या नाटककाराचं. जाऊन शंभर वर्षं झाली, पण गाव त्यांना अजून शेजारी राहत असल्यासारखं, आडनाव न घेता, नुसतं वडिलांच्या नावाने हाक मारतं. मिठाईच्या खोक्यांवर त्यांची दाढी. नायिकेचं शेवटचं स्वगत शाळेत सगळ्यांनी घोकलेलं. त्याची पहिली ओळ, 'दिवा मालवू नका', चहाच्या मगांवर आहे आणि बल्बच्या दुकानावरही.

त्या हिवाळ्यात मी मोलकरणीची भूमिका करायचे. चहाचा समोवार धरून उभी असताना मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं. आधी विंगेतून, मग रिम्मांकडून.

ल्वोविचांच्या जयंतीला दुपारचा प्रयोग होता. तुडुंब गर्दी. शेवटी रिम्मा एकट्या पुढे आल्या आणि थांबल्या.

"दिवा," कापामावशी कुजबुजल्या. "रिम्मा, दिवा मालवू नका!"

काही नाही. कुणीतरी खोकलं. मग तिसऱ्या रांगेतून एका आजोबांनी सुरुवात केली, "दिवा मालवू नका..." आणि अख्खं प्रेक्षागृह म्हणू लागलं, "मी अजून जागी आहे." शेवटच्या शब्दापर्यंत. रिम्मा पाहुण्यासारख्या ऐकत होत्या. लोक उठून टाळ्या वाजवत राहिले. त्यांना वाटलं, प्रयोगच असा बसवलाय.

रंगपटात कापामावशींनी रिम्मांच्या हाती चहा दिला. तीच ओळ छापलेल्या मगातून.

"काय सुंदर म्हणाले गं सगळे," रिम्मा म्हणाल्या. "कुणाचं आहे ते?"

कापामावशींनी त्यांची शाल नीट केली आणि संहिता घेऊन त्या थेट दिग्दर्शकाच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग.

तो खुशीत होता. "या, या! कल्पना कुणाची? तुमची ना? आता प्रत्येक प्रयोगात असंच करायचं. शहरभर बोलबाला होईल!"

हो म्हटलं असतं तर झालं असतं. आणखी एक हिवाळा निभावला असता.

कापामावशींच्या हातून संहिता सटकली. सवयीने त्या तिच्यावर बसल्या, तिथेच, त्याच्या बुटांपाशी. तो हात द्यायला वाकला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बसूनच सांगते. रिम्माला आता काही आठवत नाही. ऑक्टोबरपासून मला ठाऊक आहे."