मान आणि पायाळूचा पाय

दुखणं कसं दिसायला पाहिजे. हात मोडला तर झोळीत दिसतो, ताप आला तर कपाळाला हात लावून कळतो. माझं दुखणं कवटीच्या खाली, मान जिथं डोक्याला भिडते तिथं जाऊन बसलं होतं आणि बाहेरून तिथं काही म्हणजे काही नव्हतं. सूज नाही, जखम नाही. चांगली धडधाकट सून, आणि दिवसभर एका हातानं हनुवटी उचलून धरून बसलेली. लोक हसणार नाहीत तर काय करणार?

ते कापसाचे दिवस होते. दूर कुठं साहेबांच्या मुलखात लढाई लागली म्हणे आणि भाव चढला आमच्या वऱ्हाडात. ज्याच्या त्याच्या वावरात कापूस. आम्ही भाजीवाले माळी, पण आमच्यातल्याही पुष्कळांनी मळे मोडून कापूस पेरला. आमचा निम्मा मळा राहिला तो सासूच्या हट्टानं. कापूस काय शिजवून खाता, म्हणायची. मजूर सगळे वेचणीला पळाले, तेव्हा वांग्यांची पाटी अमरावतीच्या बाजारात न्यायचं काम माझ्या डोक्यावर आलं. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं. वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग आणि त्यांच्या चाकांनी काळ्या मातीत पाडलेल्या गुडघाभर चाकोऱ्या. एका सकाळी समोरचा बैल बुजला, मी बाजूला सरले, पाय चाकोरीत गेला आणि भरली पाटी मागं कलंडली. तिच्याबरोबर डोकंही मागं गेलं. आत कट् असा आवाज झाला. मी उठले, वांगी गोळा केली, बाजार करून घरी आले आणि कुणाला काही सांगितलं नाही. वांगी ठेचली म्हणून बोलणी बसतील, एवढीच धास्ती.

आठ दिवसांनी डोकं जड व्हायला लागलं. बारीक वेलाला मोठा भोपळा लागावा तसं. वळून पाहिलं की आत कटकट वाजायचं. वर पाहिलं की घेरी यायची. दळायला बसले तर डोळ्यांच्या मागं ठणका लागायचा आणि बोटांना मुंग्या यायच्या. बोटांतून पीठ कधी गळून पडलं ते मला कळायचंही नाही. घरधन्यांना सांगितलं तर ते म्हणाले, उशाशी जाड काही घेत जाऊ नको. शेजारणी म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. विश्वास ठेवला तो एकट्या सासूनं. ती बोलायला फटकळ, तिच्या जिभेला गावातले बाप्येसुद्धा भ्यायचे, पण माझ्याकडे एकदा नीट पाहून म्हणाली, "ही खोटं बोलून नाही राहिली. हिचा चेहराच उतरला." आणि तिनं माझं दुखणं आपल्या पदरात घेतलं.

मग सुरू झाली वैद्यांची वारी. वारी कसली, फरफट. सुईणीनं गरम तेलानं मान चोळली. एक दिवस बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी मान हलेना. हाडवैद्यानं डोकं दोन्ही हातांत धरून खटकन फिरवलं, आवाज आला तसा खूश होऊन म्हणाला, बसलं. काही बसलं नव्हतं. त्या संध्याकाळी उंबरा ओलांडताना माझा डावा पाय घसटत होता. अमरावतीच्या एका वैद्यबुवांनी नाडी धरून वाताचा विकार सांगितला, एका हकिमानं मेंदूची उष्णता सांगितली आणि गावातल्या एका जाणत्यानं बिब्ब्याचे चटके दिले. तेही कुठं? तर खांद्यावर! रेड्याचं दुखणं आणि पखालीला डाग, ते हे. फोड आले, पिकले, वाळले, दुखणं होतं तिथंच. दर वेळी मी पहिल्यापासून सांगायचं, पाटी, चाकोरी, कट् आवाज, आणि दर वेळी समोरच्यानं दुसरीकडेच बघायचं. सांगून सांगून मला माझ्याच गोष्टीचा वीट आला. पुढं पुढं सासूच सांगायची आणि मी नुसती बसून राहायची.

दीड वर्ष असं गेलं. तेव्हा घरधनी कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याकडे जायचे. तिथं सरकारी दवाखान्यात पलटणीबरोबर आलेला एक मद्रासी डॉक्टर आहे, मोडलेल्या हाडांचं त्याला कळतं, असं त्यांच्या कानावर आलं. सासूनं लकडा लावला तेव्हा त्यांनी मला बरोबर घेतलं. तीन दिवसांची वाट. गाडीत कापसावर बसले तर प्रत्येक खड्डा कवटीत वाजायचा, म्हणून निम्मी वाट मी गाडीमागून पायी चालले. बैलांच्या धुळीत, हनुवटीला हात लावून. औषधाला चालले होते की दुखणं वाढवायला, तेच कळेना.

दवाखान्याच्या ओसरीवर बराच वेळ बसलो. इतक्यात बाजारात गाड्यांची रांग पुढं सरकली अशी हाक आली आणि घरधनी बैलांपाशी निघून गेले. माझी पाळी आली तेव्हा मी एकटीच होते. डॉक्टर हळू बोलणारा, त्याची हिंदी दख्खनी वळणाची. त्यानं मला नाडी मागितली नाही. कुठं दुखतं, कधीपासून, बोटं कशी, पाय कसा, सगळं विचारलं. मग मागं उभा राहून त्यानं दोन्ही तळवे माझ्या जबड्याखाली लावले आणि डोकं तांदळाच्या दाण्याएवढं वर उचललं. फिरवलं नाही, दाबलं नाही, नुसतं पेललं. आणि दुखणं थांबलं! दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या डोक्याचं ओझं घेतलं होतं. मला रडू फुटलं, आवरेना. तो तसाच हात लावून उभा राहिला.

मग समोर येऊन म्हणाला, "ऊपर के मनके ढीले हैं, अम्मा. अब किसी को जोर लगाने नको देना. एक झटका लगा तो हात-पाँव जाएँगे, जान भी जाएगी."

मी विसाची असेन आणि हा मला अम्मा म्हणतो, याचंही मला त्या वेळी हसू आलं नाही. औषध विचारलं तर त्यानं नाही म्हणून मान हलवली. डोक्यावर ओझं कायमचं बंद, आणि जाड कापडात बांबूच्या कामट्या शिवून गळ्याला पट्टी बांधायची, एवढंच. त्याच्या पलटणीतल्या एका शिपायाची मान अशीच होती, चंपी करणाऱ्यानं ती मोडली आणि शिपाई जो निजला तो उठला नाही, हेही त्यानं सांगितलं. बरं होणार नाही, हे ऐकून माणसानं खचावं. मला मात्र हलकं वाटलं. दुखण्याला नाव गाव मिळालं होतं.

घरी आल्यावर सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः पट्टी शिवून दिली. बायका म्हणाल्या, सुनेच्या गळ्यात लोढणं घातलं. सासूनं त्यांना उभं-आडवं घेतलं. पण बरं होणार नाही, हे मात्र तिच्या गळ्याखाली उतरेना. असं कसं होईल? कुणीतरी असेलच. आणि तिला ती सापडली. चार कोसांवरच्या गावातली एक पायाळू बाई. आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेलं माणूस पायाळू. त्याचा पाय लागला की लचक, उसण उतरते, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. ऐन वेचणीच्या दिवसांत सासू चार कोस चालत गेली आणि तिला घेऊन आली.

मी आदल्या दिवसापासून सांगत होते, आत्याबाई, डॉक्टरनं जोर लावू देऊ नको म्हटलं आहे. ती म्हणायची, अवं, ते वैद्याच्या हाताचं. पायाळूचा पाय म्हणजे काय जोर आहे? ते देवाचं देणं आहे. तिच्या बोलण्यात खोट नव्हती, माया होती, आणि मायेपुढं माझं तोंड उघडेना.

रविवारी सकाळी मला उंबऱ्यावर पालथं निजवलं. पट्टी सोडून ठेवली. पायाळू बाई हाडापेरानं दणकट. ती म्हणाली, दुखणं जुनं आहे, नुसता पाय लावून भागणार नाही, टाच मारावी लागेल, तीनदा. गाल उंबऱ्याला टेकलेला, आणि तिचा पाय माझ्या मानेच्या वर उचलला गेलेला मला जमिनीवरच्या सावलीत दिसला. मी हात टेकून बाजूला सरले आणि उठून बसले.

नाही म्हटलं. मारू नका.

सासूनं विचारलं, कावून? मी डॉक्टरचं सगळं पुन्हा सांगितलं, शिपायाचंही. तिनं लेकाकडे पाहिलं. घरधनी म्हणाले, मी तर बैलांपाशी होतो, मले काय माहीत. खोटं नव्हते बोलत. पण एवढं तरी म्हणायचं होतं, की ही म्हणते ते खरं असेल! माझा असा संताप झाला, आणि संतापायलाही मान लागते, ती माझ्याजवळ नव्हती.

सासूनं माझ्याकडे पाहिलं. दीड वर्ष चोळलेलं तेल, तुडवलेली वाट, माझ्यासाठी गावाशी घेतलेली भांडणं, सगळं तिच्या तोंडावर आलं. तिनं आवाज चढवला नाही.

"ज्याले दुखते तो लाथसुद्धा खाते, बाई," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, तुले खरंच दुखते."

पायाळू बाईला गूळ-पाणी आणि पदरात भाजी देऊन तिनं वाटेला लावलं. मी पट्टी पुन्हा बांधली.

त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली असं नाही. डोक्यावर पाटी द्यायचीच नाही, हे तिनं पाळलं. कापसाचे भाव पडले, माणसं परत मळ्याकडे वळली, मला पोरं झाली. मान आजही तशीच आहे, पट्टी सुटली की डोकं लटपटतं. पण हात चालतात, पाय चालतात. सासूच्या शेवटच्या दुखण्यात दोन महिने तिला मीच उठवलं-बसवलं, मीच भरवलं. तिनं पोरांची विचारपूस केली, लेकाची केली, शेजारणींची केली, गाभण गाईचीसुद्धा केली. माझ्या मानेचं विचारलं नाही.