अंबारोची मांडी

अंबारोशी वाद घालू नये, हे कार्डिफच्या ब्यूटटाउनमधली कुठलीही सोमाली बाई सांगेल. ती बोलायला लागली की दातणाची काडी तोंडाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरते, आणि काडी थांबली की समोरच्याने समजावं, आता आपली धडगत नाही. एका लग्नात पाहुण्यांना मांस कमी पडलं तेव्हा तिने आचाऱ्याला रस्त्यावर बोलावून झापलं होतं. शाळेच्या भटारखान्यात मुलांना वाढायचं काम करते, तर तिथली मुख्य आचारीण म्हणे तिला चाखायला दिल्याशिवाय रस्सा बाहेर पाठवत नाही. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

अशा बाईचं एकाच घरात काही चालत नव्हतं, लेकीच्या सासरी. आमच्यात मूल बापाच्या कुळाचं. आईच्या आईने यावं, अंजेरोची धिरडी भाजावीत, बाळंतिणीला न्हाऊ घालावं आणि गप्प घरी जावं. त्यातून लेकीच्या, ऊबाहच्या, सासरी सासू नव्हती, नवऱ्याची आत्या दाहाबो होती. तिनेच त्याला, गुलेदला, लहानाचा मोठा केलेला. सगळी वस्ती तिला एड्डो म्हणते, म्हणजे आत्याच, आणि तिने एकदा तोंडातून काढलेला शब्द खाली पडू देत नाही.

ऊबाहची लेक सगाल तेव्हा तान्ही होती. त्या सोमवारी दुपारी एड्डोचा फोन आला.

"अंबारो, ये लगेच. सगालला जुलाब लागलेत, अंगात ताप आहे. मी हिरडी चाचपली. खोटे दात आहेत, चारही. दात काढणारी बेयदान बर्मिंगहॅमहून आलीच आहे नात्यात, तिला बोलावलंय. डोकं धरायला आईची आई लागते, आपली रीत तुला सांगायला नको."

अंबारो "येते" म्हणाली आणि पदर गुंडाळून निघाली. खाडीवरून वारा असा सुटला होता की तोंड उघडायची सोय नव्हती. म्हणून तिने काडी थुंकून टाकली.

खोटे दात म्हणजे काय ते ब्यूटटाउनमध्ये कुणाला विचारावं लागत नाही. तान्हं मूल आजारी पडलं की म्हाताऱ्या आधी त्याच्या तोंडात बोट घालतात. सुळ्यांच्या जागी पांढुरका उंचवटा लागला की निदान पक्कं: हेच आतून मुलाला खाताहेत, काढले नाहीत तर मूल जाईल. मग कुणी जाणती बाई येते, सायकलच्या चाकाची तार घासून टोक काढलेली असते, त्या तारेने ती हिरडी उकरते आणि तांदळाच्या कणीएवढे मऊ दाणे तळहातावर काढून दाखवते. बघा, अळ्याच! त्या अळ्या नसतात. ते मुलाचे खरे दात असतात, अजून न उगवलेले. मायदेशी बुराव गावात अंबारो तान्ही असताना तिचेही काढले होते. तिच्या तोंडात खालचे सुळे कधी आलेच नाहीत, वरचा एक आला तो आडवा, गालात घुसलेला.

आणि हिबाकचेही काढले होते. हिबाक म्हणजे अंबारोची थोरली. लढाईत बुराव सोडून सगळे सीमेपलीकडच्या छावणीत पोचले, तिथे तिला जुलाब लागले. पाणी गढूळ, उंटाचं दूध नाही, आणि बायका म्हणाल्या, दात. अंबारोच्या आईने डोकं मांडीवर घेतलं. हिरडीतलं रक्त काही केल्या थांबेना, ताप वाढला, आणि त्याच आठवड्यात पोर गेली. दात उशिरा काढले, असं सगळ्यांनी ठरवलं. अंबारोनेही तेच मानलं. बरीच वर्षं ती स्वतःला दोष देत होती की आपण आधी का नाही बोलावलं.

मग कार्डिफला ऊबाह झाली. तिलाही जुलाब लागले, पण तेव्हा इथे ते काम करणारं कुणी सापडेना. अंबारो रडली, दारोदार विचारत फिरली. दवाखान्यातल्या नर्सने पुड्या दिल्या, पाण्यात विरघळवून चमच्याचमच्याने पाजायला. पोर बरी झाली, हिरडीतले दात हिरडीतच राहिले आणि वेळेवर वर आले. त्यानंतर अंबारोला मुलांच्या तोंडात बघायची सवय जडली. शाळेत वाढताना रांगेतलं एकेक पोर हसायचं, गाजर कडाकडा चावायचं, आणि प्रत्येकाला सुळे. यांचे कुणी काढले नाहीत, मग ही सगळी जगली कशी? हा प्रश्न तिने कुणाला विचारला नाही. उत्तर तिचं तिलाच मिळालं, आणि त्या दिवशी तिने घरी येऊन भांडी आपटली.

ती पोचली तेव्हा बैठकीच्या खोलीत गालिच्यावर चादर अंथरलेली होती. बेयदान हात धूत होती. तार रुमालावर ठेवलेली. सगाल आईच्या खांद्यावर निपचित पडलेली, डोळे खोल गेलेले. गुलेद भिंतीला टेकून फोन बघत होता, म्हणजे कुणाकडेच बघत नव्हता.

"बस," एड्डो म्हणाली. "किबलेकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून."

अंबारो बसली. पोरीला मांडीवर घेतलं. टोपलीसारखा दोन्ही हातांचा वेढा घातला आणि म्हणाली, "ऊबाह, पुड्या आणल्यास दवाखान्यातून?"

"आणल्यात, आई. पण एड्डो म्हणाल्या..."

"पाण्यात घाल एक. चमचा आण."

"ते नंतर," एड्डो म्हणाली. "आधी दात. डोकं मागे कर तिचं."

"नाही करत."

बेयदानने ओले हात तसेच हवेत धरले.

"काय म्हणालीस?"

"मांडी माझी आहे, एड्डो. तिच्यावर काय होणार ते मी ठरवणार. तुम्हाला दुसरी मांडी हवी असेल तर शोधा, पण पोर या मांडीवरून उठायची नाही."

"डोकं फिरलंय हिचं! गुलेद, तुझ्या सासूला आवर. आमच्या घरात येऊन आमच्या मुलीवर हक्क सांगतेय. शाळेत इंग्रजांची उष्टी काढून काढून शहाणी झाली."

"उष्टी काढते म्हणूनच बघितलंय," अंबारो म्हणाली. "कुणाच्या तोंडात काय असतं ते."

ऊबाह वाटी घेऊन आली. चमचा तिने थेट लेकीच्या ओठांशी नेला. एड्डोने वाटीला हात घातला तशी अंबारो ओरडली, अशी की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

"खबरदार! हात लावाल तर मी पोलिसांना बोलवीन. वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला, माहीत आहे. तरी बोलवीन."

बेयदानने तार रुमालात गुंडाळली. ती भांडणात पडणारी बाई नव्हती. तिला लोक बोलावतात, ती जाते. ती गुपचूप जिन्याने उतरून गेली.

"पोरीचं काही झालं," एड्डो म्हणाली, "तर तिचं रक्त तुझ्या माथ्यावर."

"चालेल. घेते माथ्यावर. पण आधी मला सांगा, हिबाकचं कुणाच्या माथ्यावर आहे?"

एड्डोने वाटीवरचा हात मागे घेतला. तीही त्या छावणीत होती. दात उशिरा काढले, असं ठरवणाऱ्यांत तीही होती. अंबारो तिच्याकडे बघत राहिली, डोळ्यांतलं पाणी न पुसता. तेवढ्यात गुलेदने फोन खिशात टाकला आणि गाडीची किल्ली उचलली.

"आई, चला. दवाखान्यात नेऊ."

अंबारो पोर मांडीवर घेऊनच मागच्या सीटवर बसली. इस्पितळात सलाईन लावलं, आणि शुक्रवारपर्यंत सगाल घरी येऊन रडायलाही लागली, चांगली खणखणीत.

एड्डोने मात्र अंबारोशी बोलणं टाकलं. तिच्यामागे निम्म्या वस्तीने टाकलं. रस्त्यात बायका पलीकडच्या पदपथावर जायच्या, आणि अंबारो त्यांना मुद्दाम मोठ्याने सलाम घालायची, नाव घेऊन, मुलांची विचारपूस करत. उत्तर आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

पुढच्या वर्षी एका लग्नात सगळ्या बायका एका दालनात बसल्या होत्या. सगाल गालिच्यावर बसून बकरीच्या हाडाशी झटत होती, मान वाकडी करून सुळ्यांनी मांस ओरबाडत होती. एड्डो बराच वेळ तिच्याकडे बघत होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हौस भागली ना तुझी, अंबारो? तरी विसरू नकोस, पोरगी आमची आहे."

अंबारोच्या तोंडातली काडी थांबली. शेजारच्या बायका सरकून बसल्या.

"तुमचीच आहे, एड्डो," अंबारो म्हणाली. "दात तिचे आहेत."