दामूकाकांच्या कानाचं पार्सल

पस्तीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी बसून दामूकाकांचे कान गेले. इतके हळूहळू गेले की कुणाच्या लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा मंजुळाकाकू त्यांच्याशी ओरडून बोलत होती आणि ते नुसते हसत होते. आम्ही शिरगावात त्यांचे शेजारी. काकू पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकते.

गेल्या वर्षी तिला फोनवर कानाच्या यंत्राची जाहिरात दिसली. एकवीसशे रुपये, तेही माल दारात आल्यावर.

"भाग्यश्री, पैसे दारात द्यायचे म्हंजे फसवणार कसे?" ती म्हणाली. ऑर्डर मीच टाकून दिली. ते मला अजून टोचतं.

पार्सल सुजीतने आणलं. तो सरावलीचा, आमच्या पट्ट्यात रोज कुरिअरची गाडी घेऊन येणारा.

"उघडून बघते," काकू म्हणाली.

"मावशी, आधी पैसे. उघडलेलं पार्सल मला परत घेऊन देत नाय."

काकूने पैसे दिले. यंत्र कानात घातलं की लाल दिवा लागायचा. "येतंय का ऐकू?" काकूने खुणेने विचारलं. काकांनी मान हलवली. दोन दिवस ते मान हलवत होते. तिसऱ्या दिवशी चुलीवरचं दूध उतू गेलं, काकूने त्यांच्या पाठीमागून हाक मारली, पुन्हा मारली, काकांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिने यंत्र त्यांच्या कानातून काढून सुरीने फोडलं. आत बटणाएवढा सेल आणि तो लाल दिवा. बाकी सगळं पोकळ.

"अवो, मंग दोन दिस हो-हो काय करत होता?" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

"तू एवडे पैसे दिलेस..." काका म्हणाले.

काकू रडली नाही. पदर खोचून म्हणाली, "चल बोईसरला."

विकणाऱ्याचा फोन बंदच होता. पार्सलवर एक नाव आणि एका शहराचं नाव, पत्ता नाही. कुरिअरच्या बोईसरमधल्या ऑफिसातल्या मॅनेजरने फुटलेल्या यंत्राकडे पाहिलंही नाही. "आंटी, हम सिर्फ पहुँचाते हैं. पैसा दिया, बात खतम."

"पैसे कुणाच्या हातात दिले? तुज्याच माणसाच्या ना? मंग ज्याचा माल आणला त्याचं नाव-गाव तुज्याकडं नाय?"

"वो हम नहीं दे सकते."

कोपऱ्यात पार्सलं लावत असलेला सुजीत हळूच म्हणाला, "मावशी, हे पैसे विकणाऱ्याला लगेच जात नाय. आठ-दहा दिवस आपल्याकडंच राहतात."

मॅनेजरने त्याच्यावर डोळे वटारले. काकूचा आवाज मात्र रस्त्यापर्यंत गेला. "म्हंजे माजे पैसे इथंच हाय! आणि हा मला बात खतम सांगतो!"

मी तिथूनच ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन लावला आणि आवाज मोठा केला. विकणाऱ्याविरुद्ध तक्रार नोंदली, कुरिअरविरुद्धही. विकणाऱ्याला आपलं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव उघड द्यावंच लागतं, हे पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं. मॅनेजरने ते ऐकलं. तरी 'पैसे थांबवतो' एवढं कागदावर लिहून द्यायला त्याने दुपारचे चार वाजवले. तोवर काकू खुर्चीतून उठली नाही. आलेल्या प्रत्येक माणसाला ती फुटकं यंत्र दाखवत होती.

एकोणीस दिवसांनी एकवीसशे रुपये परत आले. तक्रारीवर शेरा पडला, निकाली.

त्याच आठवड्यात सुजीतला कामावरून काढलं. कारण दिलं, ऑफिसची आतली गोष्ट बाहेर सांगितली.

हे कळल्यावर काकूने बाजारातली टोपली तशीच शेजारणीच्या हवाली केली आणि एकटीच बोईसरला गेली. मॅनेजरच्या टेबलावर हात आपटून तिने विचारलं, "चोर सोडून खरं बोलणाऱ्याला काढलंत?" तो म्हणाला, वरून आदेश आहे. वर कोण, ते काही त्याने सांगितलं नाही.

सुजीत आता तारापूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. ती जाहिरात नवं नाव घेऊन पुन्हा फिरते आहे. काकू फोन माझ्यापुढे धरते, "कर तक्रार." मी करते. आतापर्यंत सहा वेळा केली.